उंबर फोडलं, केंबरं निघाली: विहिरीवरच्या एका झाडाचं प्रकरण

फेब्रुवारीतल्या एका सकाळी विहिरीवरच्या उंबराचं कच्चं फळ तोडलं आणि ब्लेडने उभं चिरलं. सुपारीहून जरासं मोठं, हिरवं, वरून बारीक लव असलेलं. देठातला चीक बोटांना चिकटला. आत भिंतीला लागून फुलांची नुसती दाटी आणि मधे थोडीशी पोकळी. त्या पोकळीत तीन काळे ठिपके दिसले. भिंग धरलं तेव्हा कळलं, केंबरं आहेत. दोन मेली होती, तिसरं अजून चालत होतं. एकालाही पंख नव्हते. पंख सापडले ते फळाच्या तोंडाशी, एकावर एक बसलेल्या खवल्यांच्या फटीत, उंबरठ्याबाहेर काढून ठेवलेल्या चपलांसारखे.

बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाला आपण म्हणतो, अगदी उंबराचं फूल झालास की! उंबराला फूल दिसत नाही म्हणून हा वाक्प्रचार. आयुर्वेदाच्या जुन्या वर्गवारीत तर ‘वनस्पती’ हा शब्दच मुळी फुलाविना फळणाऱ्या झाडांसाठी होता, म्हणजे वड, पिंपळ, उंबर यांच्यासाठी. प्रत्यक्षात आपण ज्याला उंबराचं फळ म्हणतो ती आत वळलेली फुलांची परडी आहे. शाळेच्या पुस्तकात तिला कुंभासनी पुष्पविन्यास म्हणतात आणि ते नाव फार नेमकं आहे: कुंभ, आणि त्याच्या आतल्या बाजूला बसलेली फुलं. आतल्या किड्यांची खबर मात्र आपल्या लोकांना पूर्वापार होती. जैन परंपरेत पाच उदुंबर फळं वर्ज्य आहेत, ती त्यांतल्या जीवांमुळेच. आणि झाकलेलं प्रकरण उकरून नको ते बाहेर काढण्याला मराठीत ‘उंबर फोडून केंबरं काढणं’ म्हणतात. या लेखात तेच करायचं आहे.

केंबरू म्हणजे गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातला, जेमतेम दोन मिलिमीटरचा कीटक. गावात उंबरातून उडणाऱ्या कुठल्याही चिलटाला केंबरूच म्हणतात, पण इथे मी तो शब्द उंबराचं आणि त्याच्या भाऊबंद झाडांचं परागीभवन करणाऱ्या घराण्यासाठीच वापरतो आहे. आपल्या उंबरावरच्या जातीचं शास्त्रीय नाव सेराटोसोलेन फ्युसिसेप्स. उंबर, म्हणजे फायकस रेसिमोसा, भारतात बी धरतो तो तिच्या जिवावर. आणि तीही उंबराबाहेर कुठे वाढत नाही.

दोन जीव पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना घडवत जातात, त्या सहउत्क्रांतीच्या पुस्तकी वर्णनात इथे साधारणपणे मैत्रीचा शब्द येतो. मला तो पटत नाही. केंबराची मादी उंबराच्या ज्या फुलात अंडं घालते त्या फुलाचं बी होत नाही. तिथे गाठ होते, अळी ती खाऊन वाढते. प्रत्येक केंबरू म्हणजे झाडाचं एक बी कमी. उंबराची एक पिढी मोठी व्हायला वर्षं लागतात, केंबराची पिढी महिन्या-दोन महिन्यांत निघते. इतक्या झपाट्याने पिढ्या बदलणाऱ्या जिवाने इतक्या काळात सगळीच फुलं का गिळली नाहीत? पिकलेलं उंबर फोडलं की किडे असतात तशा बियाही असतातच. त्या शिल्लक राहतात कशा, हाच या प्रकरणातला प्रश्न.

दार

पहिला बंदोबस्त दाराचा. उंबराच्या टोकाला जे तोंड असतं ते खवल्यांनी गच्च बंद असतं. आतली स्त्रीफुलं तयार झाली की ते मोजके दिवस सैल होतं आणि त्याच काळात फळातून एक खास वास सुटतो. वड, पिंपळ, उंबर प्रत्येकाच्या वासाचं मिश्रण वेगळं, आणि केंबरू आपल्या झाडाच्या मिश्रणावर येतं. आपल्या नाकाला यातलं काही कळत नाही.

सैल झालं तरी ते दार म्हणजे दार नव्हेच. खवल्यांमधून वाट काढत आत शिरावं लागतं. केंबराच्या मादीचं डोकं भिंगाखाली पाहिलं तर ते चपटं, पुढे निमुळतं, पाचरीसारखं आहे. जबड्याच्या खालच्या बाजूला कानशीसारखी पट्टी आणि तिच्यावर मागे वळलेले दात. त्या दातांनी ती खवल्यांना धरून पुढे सरकते. मागे येता येत नाही. शिरताना पंख तुटतात, मिशांची टोकं गळून पडतात. तिला त्यांची पुढे गरजही नाही, कारण ती आतच मरणार असते.

दाराने डोकं घडवलं हे नुसतं म्हणायला सोपं आहे, त्याला पुरावा काय? पुरावा आफ्रिकेतल्या उंबरवर्गीय झाडांवर मिळाला. तिथे परागीभवन न करणारे काही कीटकही याच तोंडातून आत शिरतात. त्यांचं केंबराशी जवळचं नातं नाही, तरी त्यांचं डोकं तसंच चपटं आणि लांबट झालेलं आहे. बाहेरूनच अंडी घालणाऱ्या त्यांच्या भाऊबंदांची डोकी तशी नाहीत. वेगवेगळ्या घराण्यांतल्या कीटकांवर एकाच फटीने एकच आकार लादला. मला हा पुरावा फार भक्कम वाटतो.

उलट बाजूने, दार इतकं अवघड राहण्यात झाडाचाही फायदा आहे. सैल तोंडातून कुणीही घुसेल, अंडी घालेल आणि पराग काही आणणार नाही.

आतली वाटणी

आत शिरलेल्या मादीपुढे फुलांचं मैदान असतं. या फुलांची रचना नीट पाहण्यासारखी आहे. सगळ्यांच्या कुक्षी, म्हणजे पराग झेलणारी टोकं, एका पातळीवर, गालिच्यासारख्या. पण बी जिथे धरतं ते खालचे अंडाशय एका पातळीवर नाहीत. काही फुलांना लांब देठ आणि आखूड कुक्षीवृंत (कुक्षी आणि अंडाशय जोडणारी दांडी), म्हणजे त्यांचा अंडाशय पोकळीच्या जवळ. काहींना देठ जवळजवळ नाही आणि कुक्षीवृंत लांब, म्हणजे अंडाशय थेट बाहेरच्या भिंतीशी. मादी वरच्या गालिच्यावर उभी राहते, कुक्षीवृंतातून आपली अंडनलिका खाली सोडते आणि अंडाशयात अंडं ठेवते. आखूड वृंताच्या फुलात तिची नलिका सहज पोचते. तिथे केंबरं होतात. लांब वृंताच्या फुलांत बिया होतात.

अनेक वर्षं याचं उत्तर सरळ दिलं जात होतं: नलिका आखूड पडते, म्हणून लांब वृंताची फुलं वाचतात. उत्तर देखणं होतं, पण मोजमापं घेतली तेव्हा पुरेसं ठरेना. उंबरवर्गातल्या कित्येक जातींमध्ये मादीची नलिका बहुतेक फुलांपर्यंत पोचण्याइतकी लांब निघाली. पोचू शकते, तरी तिथे अंडी घालत नाही. नलिकेची लांबी वाढवून सगळ्या बिया फस्त करण्याची वाट तिला मोकळी होती असं यातून दिसतं, आणि तरीही बिया शिल्लक आहेत. या कोड्याकडे मी पुन्हा येईन, कारण त्याचं उत्तर फळाच्या बाहेर आहे.

त्याआधी परागाची गोष्ट. मधमाशी फुलावर लोळते, अंगाला पराग लागतात, दुसऱ्या फुलावर पडतात. ती हे काही ठरवून करत नाही. केंबराचं तसं नाही. मादीच्या छातीवर दोन खिसे असतात. जन्मलेल्या उंबरातून बाहेर पडण्याआधी ती परागकोशांपाशी जाते, पुढच्या पायांनी पराग गोळा करते आणि त्या खिशांत भरते. नव्या उंबरात अंडी घालताना त्याच पायांनी खिशातले पराग काढून कुक्षीवर ठेवते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस गालिल आणि आयझिकोविच या इस्रायली संशोधकांनी उंबराच्या आफ्रिकी भावावर, फायकस सिकोमोरसवर, हे काम तपशीलवार नोंदवलं. अंड्यामागून अंडं घालणारी, पंख तुटलेली, काही तासांची सोबती असलेली मादी मधेच थांबून खिशातून चिमूटभर पराग काढते, हे वाचून मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो होतो.

ती हे का करते? तिला बियांशी काय देणंघेणं? मधल्या मधे हे काम सोडून देणाऱ्या माद्यांचा वेळ वाचला असता, अंडी जास्त झाली असती. याचं उत्तर पनामातल्या प्रयोगांनी दिलं. तिथे काही माद्यांना परागाविना फळांत शिरू दिलं. ज्या जातींत केंबरू ठरवून पराग ठेवतं, त्या जातींच्या झाडांनी परागीभवन न झालेली फळं मोठ्या प्रमाणात गाळून टाकली, आणि जी टिकली त्यांतून पिल्लं कमी निघाली. फळ गळालं की आतली अंडी गेली. २०१० साली यांडेर आणि हेर यांनी हे मांडलं. ज्या जातींत पराग आपोआप अंगाला लागून येतात, तिथे अशी शिक्षा आढळली नाही. तिथल्या झाडांना फसवणुकीची भीतीच नाही, पण त्यांना परागकोश मात्र कितीतरी जास्त बनवावे लागतात. उंबरासारख्या झाडाला थोडक्या पुंकेसरांवर भागवता येतं, कारण मजूर नेमका आहे. मजूर नेमका राहतो, कारण काम चुकवलं तर मजुरी बुडते.

मादी मेल्यावर फळाचं तोंड बंद होतं आणि ऋतूप्रमाणे महिना-दोन महिने आत वाढ चालते. मग आधी नर निघतात. बिनपंखाचे, जवळजवळ आंधळे, फिकट पिवळे. त्यांचा जन्म फक्त याच खोलीपुरता. गाठीत अजून बंद असलेल्या माद्यांशी ते बाहेरूनच भोक पाडून मीलन करतात आणि मग एकत्र येऊन फळाच्या भिंतीला बोगदा पाडतात. पिंपळाच्या फळावर याचं एक सुंदर निरीक्षण झालेलं आहे. बंद फळात कार्बन डायऑक्साइड भरपूर साठलेला असतो. त्या हवेत नर कामाला लागतात आणि माद्या सुस्त पडून राहतात. बोगदा पडला, बाहेरची हवा आत आली, की माद्या जाग्या होतात. १९७३ साली हे छापून आलं. म्हणजे आपल्या पारावरच्या झाडाच्या वाटाण्याएवढ्या फळात हवेच्या बदलावर सगळं वेळापत्रक चालतं. माद्या गेल्यावरच फळ मऊ, लाल, गोड होतं, म्हणजे तांबट, धनेश आणि वटवाघळं यायच्या आत केंबरं निघून गेलेली असतात.

बाहेरचे चोर

आता ते राहिलेलं कोडं. विहिरीवरच्या झाडाखाली दुपारी उभं राहिलं आणि एका घोसाकडे नीट पाहिलं, तर फळांच्या बाहेरच्या सालीवर काही कीटक बसलेले दिसतात. शेपटीकडून केसासारखी लांब सुई निघालेली. ती सुई ते सालीत खुपसतात. हे चोर. ते तोंडातून आत जात नाहीत, पराग आणत नाहीत, बाहेरूनच आत अंडी घालतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेने बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच उंबरावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. एका केंबराभोवती अशा अर्धा डझन जाती आहेत. काही परागीभवनाच्या आधी येऊन स्वतःची गाठ करतात, काही त्याच वेळी, तर काही नंतर येऊन दुसऱ्यांच्या अळ्यांवर अंडी घालतात. ज्याची वेळ वेगळी त्याच्या सुईची लांबी आणि टोकाचे दात वेगळे, कारण फळ वाढत जातं तशी साल जाड होत जाते. सर्वांत उशिरा येणाऱ्यांपैकी एका जातीच्या सुईच्या टोकात जस्त सापडलं. हिरव्या उंबराची भिंत भोसकायला कीटकाच्या अंगात धातू आला.

हे चोर फक्त नुकसानीच्या खात्यात घालणं मला चूक वाटतं. ते बाहेरून भोसकतात, म्हणून भिंतीजवळचे अंडाशय त्यांच्या हाती आधी लागतात. ऑस्ट्रेलियातल्या एका उंबरवर्गीय झाडावर हे मोजलं गेलं: भिंतीजवळच्या गाठींतली पिल्लं परजीवींना जास्त बळी पडतात, पोकळीजवळची सुरक्षित राहतात. हे काम २००८मध्ये प्रसिद्ध झालं. मग मादीने भिंतीजवळच्या फुलात अंडं घालण्यात काय हशील? ते अंडं चोराच्या घशात जाण्याचीच शक्यता मोठी. पिढ्यान्‌पिढ्या आतल्या थरात अंडी घालणाऱ्या माद्यांचीच पिल्लं जास्त उरली, आणि बाहेरचा थर बियांना मिळाला. निदान त्या झाडापुरतं तरी, ज्याला आपण चोर म्हणतो तोच बियांचा राखणदार ठरतो. दोघांच्याच सौद्यावर नजर ठेवली असती तर हा तिसरा कधी दिसलाच नसता. सहउत्क्रांतीच्या जोड्या जुळवणाऱ्या धड्यांत त्याला जागा नसते याची मला खरंच खंत वाटते.

चोर जास्त झाले तर केंबरंच संपतील, म्हणून झाडाला चौथ्याचीही मदत होते. पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या, गोव्या-सिंधुदुर्गाकडचे हुमले, उंबराच्या फळांवर गस्त घालतात. सालीवर निवांत बसून सुई खुपसणाऱ्याला त्या धरतात. केंबराची मादी लवकर आत शिरते, म्हणून तिला धोका कमी. बाहेर पडण्याच्या वेळी मात्र मुंग्या तिलाही सोडत नाहीत. कुणाचीच बाजू पूर्ण राखली जात नाही.

फळातून सुटलेल्या मादीकडे जेमतेम एक-दोन दिवस असतात. एका झाडाची फळं बहुधा एकदमच एका अवस्थेत असतात, त्यामुळे आपल्याच झाडावर तिला दार उघडं मिळत नाही. दुसरा उंबर, तोही नेमका त्याच दिवसांत तोंड सैल केलेला, गाठावा लागतो. दोन मिलिमीटरच्या जिवाला ते कसं जमतं? ती वर चढते आणि वाऱ्यावर स्वार होते. नामिबियाच्या वाळवंटात उगाब नदीकाठी सिकोमोरसची झाडं मोजकीच आणि विखुरलेली आहेत. तिथे बियांचं जनुकीय पितृत्व तपासलं तेव्हा काही पराग १६० किलोमीटरवरच्या झाडावरून आल्याचं निघालं. २००९ सालचा हा निष्कर्ष. मादीच्या लवकर मरण्याने झाडावर वेगळीच सक्ती आली आहे: परिसरातल्या सगळ्या उंबरांनी एकाच ऋतूत फळून चालत नाही. वर्षभर कुठे ना कुठे एखादा उंबर तयार हवाच. उन्हाळ्यात बाकी रान सुनं असताना उंबर पाखरांना खाऊ घालतो, त्याच्या मुळाशी या माशीचं दोन दिवसांचं आयुष्य आहे.

एकजण नसला तर

सहउत्क्रांतीचा कस लागतो तो जोडीदार गायब झाल्यावर. इजिप्तमध्ये सिकोमोरस प्राचीन काळापासून लावला जातो, पण त्याचं केंबरू तिथे नाही. बी धरत नाही. शेतकऱ्यांनी फांद्या लावून झाड वाढवलं आणि फळं गोड व्हावीत म्हणून कच्च्या फळांना चाकूने चिरा दिल्या. चीर पडली की फळात इथिलीन तयार होतं आणि ते लवकर फुगून पिकतं. कॅलिफोर्नियात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्मर्ना जातीचे अंजीर लावले, झाडं वाढली, फळं मात्र कच्चीच गळत राहिली. १८९९मध्ये फ्रेस्नोजवळ अंजिराची माशी बाहेरून आणून वसवली, तेव्हा पीक हाती आलं.

इथे एक खुलासा, कारण प्रश्न हमखास येतो. आपल्या पुरंदरचं अंजीर या भानगडीत नाही. ते परागीभवनाविना फळ धरणाऱ्या प्रकारातलं आहे, त्याला माशी लागत नाही. सासवडचं अंजीर खाताना केंबराची शंका घेऊ नये.

हा सौदा अटळ आहे असंही नाही. सिकोमोरसवर आफ्रिकेत केंबराची एक दुसरी जात आहे, सेराटोसोलेन गॅलिली. तिला खिसे आहेत, पण ती त्यांत पराग भरत नाही. पूर्वज मजूर होते, ही फुकटी झाली. एकाच झाडावर खऱ्या मजुराच्या आडोशाने ती टिकून आहे. दुसरीकडे, इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर सापडलेला सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा एक जीवाश्म आधी मुंगी म्हणून नोंदला गेला होता. नंतर कळलं की ती अंजीरवर्गाची माशी आहे, आणि तिच्या खिशांत पराग आहेत. उंबरवर्ग आणि या माश्यांचं नातं जनुकांवरून सुमारे साडेसात कोटी वर्षांचं धरलं जातं. इतक्या काळात प्रामाणिकपणा आणि फुकटेपणा दोन्ही शक्य होते, आणि दोन्ही आज जिवंत आहेत.

आमच्या विहिरीवरचा उंबर तोडावा, फळं पाण्यात पडतात, अशी चर्चा त्या वर्षी वस्तीत चालू होती. मी लोकांना हेच दाखवलं. हे झाड एकटं नाही. ओढ्यापलीकडे एक आहे, शाळेमागे एक आहे. यातलं एक गेलं तर त्या एका महिन्यात सुटलेल्या माद्यांना जायला जागा उरेल का, हा हिशेब आहे. शेवटी विहिरीवर जाळी टाकायचं ठरलं.

मार्चच्या अखेरीस पहाटे पुन्हा गेलो. विहिरीवरच्या झाडाच्या फळांना टाचणीच्या डोक्याएवढी भोकं पडलेली. एका भोकातून मादी बाहेर आली, मिशा पुसल्या, पंख झटकले, मुंगीला चुकवून उडाली. मी ओढा ओलांडून पलीकडच्या झाडाशी गेलो. तिथली फळं तेव्हा हिरवी, घट्ट, लहान. तासाभराने एका फळाच्या टोकावर केंबरू बसलेलं दिसलं. तेच असेल असं मी म्हणत नाही. त्याने मिशांनी तोंड चाचपलं, डोकं खवल्यांत घातलं आणि थोडं थोडं करत आत गेलं. डावा पंख बाहेर राहिला.